वसईचा तट आणि मुंबईचा खंदक

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आज ज्या कोटात आहे, तो कोट १७३७ च्या चैत्रात अजून पुरा झालेला नव्हता. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला होता, कारण खाडीपलीकडे कल्याण-भिवंडीत मराठे येऊन बसले होते आणि साष्टी बेटात शिरायची वाट ठाण्यावरूनच जात होती. त्याच चैत्रात बाजीराव पेशव्याचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा याची फौज घाट उतरून आली आणि खाडी ओलांडून थेट कोटावर चालून गेली. ठाणे पडले. पाठोपाठ घोडबंदर, पारसिक, बेलापूर आणि साष्टीतली इतर ठाणी गेली. दोनशे वर्षे 'फिरंगाण' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखाचा दक्षिणेकडचा मोठा भाग काही आठवड्यांत हातून निसटला. उरली ती वसई, आणि तिच्यासाठी मात्र पुढची दोन वर्षे लागली.

या लढ्याची गोष्ट महाराष्ट्रात बहुधा शेवटच्या दिवसापासून सांगितली जाते: सुरुंग उडाले, बुरूज ढासळले, भगवा चढला. पण एक जुनी सत्ता आणि एक चढती सत्ता शेजारी-शेजारी नांदू लागल्या की त्यांच्यात काय घडत जाते, हे पाहायचे असेल तर थोडे मागे जावे लागते.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा मोगल बादशहा हुमायूनच्या धास्तीत होता. समुद्रावर पोर्तुगीज, जमिनीवर मोगल, अशा कोंडीत त्याने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याशी तह केला आणि वसई तिच्या ताब्यातल्या बेटांसह आणि मुलखासह देऊन टाकली. साष्टी गेली, मुंबईची बेटेही गेली. तहात आणखी एक कलम होते, ते जमिनीइतकेच मोलाचे होते. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे निघणाऱ्या गलबतांनी वसईला येऊन पोर्तुगीजांचा परवाना घ्यायचा. असा परवाना जवळ नसलेले गलबत लुटीला मोकळे. समुद्र कुणा एकाच्या मालकीचा असू शकतो, ही कल्पना या किनाऱ्याला नवीन होती. ती अमलात आणायला पोर्तुगीजांकडे तोफा असलेली जहाजे होती, आणि त्या जहाजांना विसावण्यासाठी वसईसारखे किल्ले.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वसईचा दगडी तट उभा राहिला. दहा बुरूज, आत सुमारे एकशे दहा एकरांचे शहर. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाचा मठ आणि चर्च. दमण, दीव, चौल आणि मधला सगळा मुलूख ज्याच्या अखत्यारीत, तो 'उत्तरेचा जनरल' इथे राहत असे. गोव्याखालोखाल मान होता तो वसईचा. इथे नि आगाशीला जहाजे बांधली जात. आशेरीच्या रानातले साग त्यासाठी येत. गावे उमरावांना आणि मठांना खंडाने वाटून दिलेली होती. १६७५ मध्ये जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर इथे येऊन गेला. तटाच्या आत रात्री फक्त ख्रिस्ती माणसांनी राहायचे, बाकीच्यांनी दिवस मावळताच बाहेर पडायचे, हा इथला रिवाज त्याने नोंदवून ठेवला आहे.

हा रिवाज पुढच्या लढ्याचे एक मूळ दाखवतो. तटाबाहेर निर्मळ, सोपारा, आगाशी, अर्नाळा, पापडी अशी भरली गावे होती. भंडारी, कोळी, आगरी, पाठारे प्रभू, ब्राह्मण, सामवेदी आणि इतर जातींची माणसे तिथे पिढ्यानपिढ्या शेती, बागायती, मीठ आणि मासेमारी करत होती. त्यांतली कितीतरी कुटुंबे ख्रिस्ती झाली. काही मनापासून झाली, काही भीतीने, काही लाभासाठी. चारशे वर्षांनंतर कुणी त्यांची वर्गवारी करायला बसू नये. निर्मळचे तीर्थ मोडले गेले. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय आले आणि त्याचा हात वसईपर्यंत पोचला. हिंदूंना उघड विधी करायला बंदी आली. राज्य चालत होते, कर गोळा होत होता, पण ज्या रयतेवर राज्य करायचे तिला राज्याविषयी आपलेपणा वाटावा असे फारसे काही उरले नव्हते.

दरम्यान दर्यावरची मक्तेदारीही विरत गेली. १६२२ मध्ये होर्मुझ, १६५० मध्ये मस्कत, १६६३ मध्ये कोची, १६९८ मध्ये मोंबासा. इराणी, अरब आणि डच यांनी पोर्तुगीजांची एकेक गाठ सोडवली. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईच्या तटाबाहेर उतरून चर्चे लुटली आणि तटातले लोक पाहत राहिले. त्याआधीच, १६६१ च्या विवाह-तहाने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली गेली होती. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये गेला आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. वसईतल्या पोर्तुगीजांचा या दानाला फार विरोध होता. आपल्या दारात दुसरा दर्यावर्दी आणून बसवण्याचे परिणाम त्यांना लिस्बनमधल्या दरबारापेक्षा अधिक कळत होते.

मराठ्यांशी पहिला संबंध आला तो शिवाजी महाराजांच्या काळात. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली, तेव्हा वसईची खाडी हीच सीमा झाली. १६७२ मध्ये जव्हार आणि रामनगर घेतल्यावर महाराजांनी पोर्तुगीजांकडे एक चोख मागणी केली. दमणच्या बाजूची गावे लुटू नयेत म्हणून पोर्तुगीज रामनगरच्या राजाला चौथ देत आले होते. आता रामनगर आमचे, तेव्हा चौथही आमची. पोर्तुगीजांनी टाळाटाळ केली, कागद रंगवले, मुदती मागितल्या. संभाजी महाराजांच्या वेळी प्रकरण हातघाईवर आले. नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठी फौज गोव्याच्या उंबऱ्याशी पोचली होती. मोगल कोकणात उतरले म्हणूनच गोवा वाचले. पुढची पंचवीस वर्षे मराठ्यांची औरंगजेबाशी झुंजण्यात गेली आणि फिरंगाणाला उसंत मिळाली. त्या उसंतीत पोर्तुगीजांनी फार काही साधले नाही.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कल्याण पुन्हा मराठ्यांकडे आले. आता समोर थोरला बाजीराव होता. १७३२ मध्ये तह झाला, पण तो दोन्ही बाजूंना दम खाण्यापुरताच होता. पेशव्यांना साष्टीत पाय ठेवायला जागा हवी होती आणि गोव्याचा व्हाइसरॉय, सांदोमिलचा काउंट, ती द्यायला तयार नव्हता. त्याने ठाण्याचा कोट चालवला. उत्तरेचा जनरल लुईश बोतेल्यु पेशव्यांविषयी उद्धट बोलला, अशी कथाही पुढे पसरली. ती जशीच्या तशी खरी मानली, तरी युद्ध त्या एका शब्दावरून झाले नाही. खाडीच्या एका काठावर दरवर्षी वाढणारी फौज आणि दुसऱ्या काठावर दरवर्षी वाढणारी भिंत असली, की कारणाला तोटा पडत नाही.

युद्धाला तोंड फोडणारी माणसे मात्र पुण्याची नव्हती, ती इथलीच होती. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ, मालाडचे देसाई अंताजी रघुनाथ कावळे, ही नावे 'साष्टीच्या बखरी'ने जपून ठेवली आहेत. धर्मविधींवरची बंदी न मानल्याबद्दल अंताजींचे वतन जप्त झाले, त्यांना धर्मन्यायालयाच्या कैदेत टाकले गेले आणि तिथून निसटून ते पेशव्यांकडे आले, असे सांगितले जाते. नाईक बंधू वर्षानुवर्षे पुण्याला खेटे घालत होते. चिंचवडच्या मोरयावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी पेशव्यांना नकाशे दिले, खाडीचे उतार दाखवले, होड्या जमवल्या, गावोगावच्या माणसांची नावे सांगितली. भरती-ओहोटीचे वेळापत्रक कुठल्याही दप्तरात नसते. ते इथे जन्मलेल्या माणसाला पाठ असते. ठाणे एका झडपेत पडले त्यात चिमाजी आप्पाच्या हिमतीइतकाच या माणसांच्या माहितीचा वाटा आहे. वसईच्या विजयाचे श्रेय वाटताना अंजूरकरांना पुढच्या रांगेत बसवायला हवे. बहुतेक वेळा ते होत नाही, याची खंत वाटते.

त्याच मोसमात वैतरणेच्या मुखावरचे अर्नाळा बेटही मराठ्यांनी घेतले. शंकराजी केशव फडके यांनी तिथे नवा किल्ला उभारला. बाजीरावाच्या आज्ञेने तो बांधला गेल्याचे आणि बाजाजी तुळाजी या कारागिराचे नाव सांगणारा शिलालेख दरवाज्यावर आजही वाचता येतो. विरारहून अर्नाळ्याला जाऊन होडीने पलीकडे उतरले की तो दिसतो. किल्ल्याची जागा पाहिली की चाल कळते: वसईला उत्तरेकडून येणारी मदत याच मुखाजवळून जायची.

वसई मात्र हटेना.

किल्ल्याची जागाच तशी आहे. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेला दलदल. फौजेला यायला वाट आहे ती फक्त उत्तरेकडून, वाळूच्या पट्ट्यावरून. १७३७ मध्ये शिड्या लावून चढण्याचे प्रयत्न झाले आणि ते फसले. दख्खनच्या घोडदळाला असली लढाई सवयीची नव्हती. ज्या फौजा एका मोसमात माळव्यापासून दिल्लीपर्यंत दौड करत, त्यांना आता एका भिंतीसमोर चिखलात बसायचे होते.

बाजीराव त्याच वर्षी दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आला होता. वर्षअखेर भोपाळला त्याने निजामाला कोंडले. फौजा उत्तरेत गुंतल्या होत्या आणि पोर्तुगीजांना ही संधी दिसत होती. लुईश बोतेल्युनंतर पुढे त्या पदावर पेद्रु द मेलु आला. १७३८ च्या अखेरीस तो जहाजे घेऊन ठाणे परत घ्यायला निघाला. तिथे तोफेच्या गोळ्याने तो मारला गेला आणि मोहीम उधळली. पोर्तुगीजांची तक्रार होती की मुंबईच्या इंग्रजांनी ठाण्याच्या मराठ्यांना हल्ल्याची आगाऊ खबर दिली आणि दारूगोळाही पुरवला. ग्रँट डफनेही आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हे मान्य केले आहे. ही बाब बारीक वाटली तरी तिच्याकडे लक्ष ठेवावे. लढ्यात दोघेच उतरले होते. तिसरा हिशेब मांडत होता.

१७३९ उजाडले ते चिमाजी आप्पाच्या नव्या आखणीने. यावेळी घाई नव्हती. आधी वसईची बोटे एकेक करून तोडायची, मग मूठ उघडायची. जानेवारीत केळवे-माहीम आणि शिरगाव घेतले. तारापूरला घनघोर लढाई झाली. तिथे बाजी भिवराव रेठरेकर पडला. तो पेशव्यांच्या घरोब्यातला सरदार, आणि त्याच्या जाण्याचा घाव आप्पाच्या जिव्हारी लागला. आशेरी, डहाणू, एकामागून एक ठाणी आली. दक्षिणेकडे वसईच्या समोरच्या काठावरचे धारावीचे ठाणे आणि वेसावे घेतले. मानाजी आंग्रे याने उरणचे करंजा बेट घेतले आणि त्याची गलबते खाडीच्या तोंडाशी फिरू लागली.

या चालीचा दुसरा हात गोव्यात होता. ऐन जानेवारीत व्यंकटराव घोरपडे यांची फौज गोव्याच्या साष्टीत घुसली, मडगाव घेतले आणि राशोलच्या किल्ल्याला वेढा पडला. व्हाइसरॉयला आता स्वतःच्या घराचीच काळजी पडली. वसईकडे माणूस पाठवावा तर गोवे उघडे पडते, न पाठवावा तर वसई जाते. पुण्यात बसून शेकडो मैलांच्या किनाऱ्यावर दोन टोकांना एकाच वेळी दाब देण्याची ही आखणी मराठ्यांच्या युद्धकलेतील उत्तम आखण्यांपैकी एक मानावी.

फेब्रुवारीत चिमाजी आप्पा वसईसमोर येऊन बसला. बहादूरपुऱ्याच्या बाजूला छावणी पडली. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे असे माळव्यातले मातब्बर सरदार बोलावले गेले. मोर्चे पुढे सरकू लागले. दिवसा तटावरून तोफा, बाण, पेटते गोळे, रात्री खणणे. सुरुंग हे या वेढ्याचे खरे शस्त्र होते. तटापर्यंत झाकल्या वाटेने पोचायचे, बुरुजाच्या पायात पोकळी करायची, दारू भरायची आणि बत्ती द्यायची. वाळूत खणलेली भुयारे ढासळत, भरतीचे पाणी झिरपे, आणि वरून पोर्तुगीज उलट खणून सुरुंग शोधून काढत. ज्यांनी हे काम केले त्या बेलदारांची आणि सुरुंग्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. होळकर-शिंद्यांच्या नावांनी इतिहास भरला आहे, आणि वसई ज्यांनी कुदळीने जिंकली ते निनावी राहिले.

आतल्या बाजूचे हालही सांगितलेच पाहिजेत. किल्लेदार मार्तिन्यु द सिल्वेरा वेढ्यातच मारला गेला आणि काएतानु द सोझा परेराने सूत्रे घेतली. तटात बायकामुले होती, अन्न संपत आले होते. मुंबईकडे मदतीची याचना गेली. तिथला गव्हर्नर जॉन हॉर्न याने थोडी दारू दिली, आणि अखेर पंधरा हजार रुपयांचे कर्ज, तेही वसईच्या चर्चांमधली चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा गहाण घेऊन. ज्या सत्तेने कधीकाळी हिंदी महासागरावर परवाने वाटले, तिला दोनशे वर्षांनी आपल्या वेदीवरची चांदी शेजाऱ्याकडे गहाण टाकावी लागली. तरीही ते लोक लढले. चिमाजी आप्पाने आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना पाठवलेल्या पत्रात शत्रूच्या शौर्याचे कौतुक आहे. अशी लढाई आजवर झाली नाही, असा त्याचा सूर आहे. जिंकलेल्या सेनापतीने हरलेल्याविषयी इतक्या मोकळेपणाने लिहावे, ही या मोहिमेतली मनाला भिडणारी गोष्ट आहे.

बखरींमध्ये आणि शाळेच्या पुस्तकांमध्ये एक प्रसंग हमखास येतो. यश येईना तेव्हा आप्पा म्हणाला, मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझे मस्तक तरी किल्ल्यात जाऊन पडेल. प्रसंग नाट्यमय आहे आणि लोकांना प्रिय आहे. पण पेशवे दफ्तरातली त्याची पत्रे वाचली तर दिसतो तो वेगळा माणूस: प्रकृतीने नाजूक, तपशिलाचा पक्का, दाणागोटा नि बैलांची मोजदाद ठेवणारा, माणसे मेली की हळहळणारा, आणि तरीही जागचा न हलणारा. वसई घ्यायला हाच माणूस हवा होता.

आता मात्र घाईची कारणे भरपूर होती. फेब्रुवारीत कर्नाळला नादिरशहाने मोगल फौज मोडली होती आणि मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली. तो दक्षिणेकडे वळेल या शंकेने बाजीराव वसईचे काम आटोपून फौजा उत्तरेकडे मागत होता. डोक्यावर पाऊस होता. ज्येष्ठ लागला की मोर्चे पाण्याखाली जाणार आणि पुन्हा एक वर्ष जाणार.

निर्णायक हल्ला १३ मे रोजी झाला. (जुन्या पुस्तकांत ही तारीख २ मे अशी दिसते. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी दिनगणना वापरत आणि ती अकरा दिवसांनी मागे होती. वसईच्या तारखांचा घोळ बहुतेक इथूनच सुरू होतो.) सां सेबास्तियांव आणि रेमेदियुस या उत्तरेकडच्या बुरुजांखाली सुरुंग भरले होते. काही उडाले, भगदाड पडले, फौज वर धावली. तेवढ्यात उशिरा पेटलेला सुरुंग आपल्याच माणसांखाली उडाला. शेकडो जण दगडमातीत गाडले गेले. तरी मागची फळी पुढे आली. दुसऱ्या दिवशी बुरुजावर मराठ्यांचा पाय रोवला गेला आणि तिथून तोफा आतल्या शहरावर रोखता येऊ लागल्या. १५ तारखेला तटावर पांढरे निशाण दिसले. १६ मे १७३९ रोजी तह ठरला.

ग्रँट डफच्या मते या वेढ्यात पोर्तुगीजांचे आठशे ठार-जखमी झाले, तर मराठ्यांनी स्वतःची पाच हजारांहून अधिक हानी मान्य केली.

तहाची कलमे वाचताना या मोहिमेविषयीचा आदर वाढतो. शिबंदीने हत्यारांसह, निशाणे फडकवीत, नगारे वाजवीत बाहेर पडावे. ज्यांना जायचे त्यांनी बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन आठवड्याभरात जावे. जे ख्रिस्ती लोक राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे देवाची उपासना करण्याची मोकळीक असावी. तीन महिन्यांचा वेढा आणि हजारो माणसांचे मरण पाठीशी असताना विजेता सूडाने पेटला असता तरी त्या काळात कुणी नवल केले नसते. चिमाजी आप्पाने ते होऊ दिले नाही. २३ मे रोजी पोर्तुगीज किल्ल्यातून बाहेर पडले आणि भगवा चढला.

वसईच्या चर्चांतल्या काही घंटा मराठी मुलखात गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे, वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. त्या या मोहिमेतल्या लुटीतून आल्या, असे परंपरा सांगते. नवसाप्रमाणे वज्रेश्वरीचे मंदिर बांधले गेले. शंकराजी केशवांनी निर्मळचे तीर्थ पुन्हा उभे केले, आणि कार्तिकातली निर्मळची जत्रा आजही वसई तालुक्यातली मोठी जत्रा आहे.

आणि जे राहिले ते राहिलेच. फिरंगी गेले, वसईचे ख्रिस्ती इथेच राहिले, कारण ते इथलेच होते. सामवेदी कुपारी बोली आणि वाडवळी घरात, प्रार्थना मराठीत, केळी नि पानवेलीच्या वाड्या भोवती. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेकांना प्रथमच कळले की १७३९ च्या तहातल्या त्या एका कलमाच्या पलीकडे एक भरभक्कम मराठी समाज उभा आहे.

पोर्तुगीजांचे पुढे काय झाले, ते थोडक्यात आटोपते. वसईहून निघालेले लोक इंग्रजांच्या आश्रयाने मुंबईत पावसाळा काढून चौलमार्गे गोव्याकडे निघाले. वाटेत सावंतवाडीकरांनी त्यांना गाठले आणि अनेक मारले गेले. १७४० मध्ये चौल-कोरलईही सोडून द्यावे लागले. उत्तरेत त्यांच्याकडे उरले फक्त दमण आणि दीव. विजेत्यांच्या घरीही आनंद टिकला नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला, आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला चिमाजी आप्पा. वसईचे सुख त्याला दोन वर्षेही लाभले नाही.

खरे पडसाद मुंबईत उमटले. वसई पडली तेव्हा इंग्रजांची ती बेटे उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशा तिन्ही बाजूंनी मराठ्यांच्या विळख्यात आली. मधे होती ती फक्त माहीमची खाडी. वांद्र्याचा पोर्तुगीज कोट मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी आधीच पोर्तुगीजांना तो पाडायला लावले होते. आता मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायचे ठरले, आणि शहरातल्या देशी व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये गोळा करून दिले. एकीकडे कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू महाराजांकडे गेला, दुसरीकडे कॅप्टन इंचबर्ड वसईला चिमाजी आप्पाकडे. गॉर्डनचे काम गोडीगुलाबीच्या मागे दरबाराची नाडी पाहण्याचे होते: छत्रपती आणि पेशवे यांच्यात अंतर किती आहे, कोण कोणाचे ऐकतो. इंचबर्डने जुलैत व्यापाराचा तह करून घेतला. खंदक, वकील आणि करार ही तिन्ही कामे इंग्रजांनी एकाच वर्षात हाती घेतली.

मराठ्यांना इथे जे सुचले नाही ते मनाला लागते. वसई घेतली म्हणजे पोर्तुगीजांचा बंदोबस्त झाला, आणि बंदोबस्त झाला म्हणजे पश्चिम किनारा आपला, असे पुण्याने धरले. पण वसईचे सामर्थ्य तिच्या जहाजांत होते आणि तटाने त्या जहाजांना आसरा दिला होता. मराठ्यांनी तट घेतला. जहाजांची ती परंपरा घेतली नाही. आंग्र्यांचे आरमार हा एकमेव आधार होता, तर भाऊबंदकीत मानाजी आणि संभाजी आंग्रे एकमेकांवर उठले. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांनी तुळाजी आंग्र्याला वठणीवर आणण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली आणि वॉटसन-क्लाइव्हच्या तोफांनी विजयदुर्गाच्या बंदरात ते आरमार जाळून टाकले. कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकणारी देशी गलबते त्या दिवशी संपली, आणि ती संपवण्यात पेशव्यांचाच हात होता. वसईच्या मोर्चांत मेलेल्या माणसांची आठवण ठेवून या घटनेकडे पाहिले की राग येतो.

१७७४ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याची बातमी मुंबईला लागली. इंग्रजांनी वाट पाहिली नाही. त्यांनी आधी स्वतःच ठाण्यावर हल्ला करून ३१ डिसेंबरला तो कोट घेतला आणि साष्टी बेट कायमचे मुंबईला जोडून टाकले. सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. १७८० च्या नोव्हेंबरात जनरल गॉडार्ड वसईसमोर आला. चिमाजी आप्पाला जिथे तीन महिने लागले तिथे त्याने महिन्याभरात डिसेंबरमध्ये किल्ला घेतला. मदतीला धावलेले रामचंद्र गणेश कानडे वज्रेश्वरीजवळ दुगाडच्या लढाईत कामी आले. सालबाईने वसई पेशव्यांना परत मिळाली खरी, पण आता ती इंग्रजांनी परत दिली म्हणून मराठ्यांची होती.

वीस वर्षांनी तिचा शेवटचा उपयोग झाला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजा मोडल्या. दुसरा बाजीराव कोकणात उतरला, इंग्रजांच्या जहाजात बसला आणि डिसेंबरात वसईला उतरला. ३१ डिसेंबरला त्याने तहावर सही केली. सहा हजारांची इंग्रजी पायदळ फौज कायम आपल्या मुलखात ठेवायची, तिच्या खर्चासाठी वर्षाला सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशीही युद्ध वा तह करायचा नाही, अशी त्याची कलमे होती. चिमाजी आप्पाने वसई घेतली त्याला तेव्हा त्रेसष्ट वर्षे झाली होती, आणि बाजीरावाला तिथे आणणारे जहाज मुंबईकर इंग्रजांचे होते.